सेल्फ मारण्याआधी

सिंगापूरच्या शाळांना मोठ्या सुट्ट्या दोनदा असतात, एक जूनमध्ये आणि दुसरी वर्षअखेरीस. इथली मराठी कुटुंबं गावी जातात तीही बहुतेक त्याच दिवसांत. जूनमध्ये गावाकडे मृगाची धांदल असते, डिसेंबरात रब्बीची पिकं उभी असतात. अनेकांच्या घरी शेडमध्ये वडिलांनी घेतलेला जुना ट्रॅक्टर असतो आणि तो महिनोन्महिने जागचा हललेला नसतो. नांगरट, रोटर भाड्याच्या ट्रॅक्टरवर होतं. घरचा ट्रॅक्टर ‘सुरूच होत नाही’ म्हणून उभा असतो, आणि कुणीतरी तो विकून टाकायचा विषय काढलेला असतो.

विकायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण तो सुरू होत नाही म्हणून विकू नका. उभ्या राहिलेल्या दहा ट्रॅक्टरांतल्या बहुतेकांना झालेलं असतं ते एवढंच: बॅटरी बसलेली, डिझेलच्या नळीत एअर शिरलेली, नाहीतर स्टॉपची तार अडकलेली. यातल्या कशालाही इंजिन खोलावं लागत नाही.

आपण राहतो त्या देशात जेमतेम एक टक्का जमीन शेतीखाली आहे. लिम चू कांग, क्रांजीच्या बाजूला गेलं तरच शेतं दिसतात. गाडीची सीओई दहा वर्षांची, ती संपत आली की गाडी बदलायची, याची आपल्याला सवय झालेली असते. तीच नजर गावाकडच्या ट्रॅक्टरला लावू नये. महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर १९६३ साली ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली, त्यातला बी-२७५ आजही काही शेडमध्ये आहे. मॅसी १०३५, स्वराज ७३५, एचएमटी यांचीही तीच गोष्ट. या इंजिनांत संगणक नाही, सेन्सर नाहीत. जे काही बिघडतं ते डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं किंवा हाताला लागतं. म्हणूनच सिंगापुरात बसून व्हिडिओ कॉलवरसुद्धा यातलं बरंच काही ओळखता येतं.

आधी इंजिन कसं पेटतं ते ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा १६ ते १८ पट दाबतो, त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सियसच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेट घेतं. म्हणजे गोष्टी तीनच लागतात: इंजिन पुरेशा वेगाने फिरणं, सिलिंडरला स्वच्छ हवा मिळणं आणि नोझलपर्यंत डिझेल पोचणं. वेगाला फार महत्त्व आहे. सेल्फने इंजिन रेंगाळत फिरवलं तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंतीत निघून जाते. मग डिझेल येऊनही पेटत नाही.

घरच्यांना फोनवर पहिला प्रश्न हा विचारा: सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का, आणि आला तर कोणत्या रंगाचा? एवढ्या एका उत्तराने अर्धी वाट कळते. इंजिन चांगलं फिरतंय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल जातच नाही. तेव्हा बॅटरी, रिंगा, हेड यांच्या मागे लागू नका, सरळ डिझेलच्या वाटेवर जा. पांढरा धूर येतो आणि डिझेलचा उग्र वास येतो, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. तेव्हा वेग कमी आहे का, थंडी फार आहे का, डिझेलमध्ये पाणी आहे का, कॉम्प्रेशन गेलंय का, या क्रमाने बघायचं. काळा धूर आला तर हवा कमी पडतेय, एअर क्लीनर उघडा. मिस्त्रीला बोलावलं तरी हे त्याला आधी सांगा. चांगला मिस्त्री स्वतःही पहिल्यांदा हेच विचारतो.

मात्र पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरला थेट सेल्फ मारायचा नाही. आधी एक फेरी मारायची. ट्रॅक्टरखाली आणि बॉनेटमध्ये काठीने वाजवून बघा, साप-विंचवांना ही जागा आवडते. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते बघा. मग सायलेन्सर. उभ्या सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालायची आपल्याकडची पद्धत अगदी योग्य आहे, पण डबा वाऱ्याने उडालेला असेल तर दोन गोष्टी झालेल्या असू शकतात. एक म्हणजे आत कुंभारीण माशीने चिखलाचं घर केलेलं असतं. दुसरी जास्त गंभीर: पावसाचं पाणी उतरत जाऊन सिलिंडरमध्ये साचतं. पाणी दाबलं जात नाही. तशात जोरात सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग इंजिन खरोखरच खोलावं लागतं. डबा जागेवर नसेल तर बॅटरीची वायर काढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. प्रत्येक सिलिंडरच्या दाबाला ते जड लागेल आणि पुढे जाईल, ते ठीक आहे. एका जागी खटकन अडलं तर जोर लावू नका. नोझल काढून पाणी बाहेर काढावं लागेल, तेव्हा मिस्त्री बोलवा. ऑइलची काडीही ओढून बघा. ऑइल दुधट दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नका.

आता सेल्फ. मारल्यावर काय ऐकू येतं, हे फोन सेल्फजवळ धरून ऐकवायला सांगा. काहीच आवाज नाही, नुसतं एक ‘टक्’, भराभर ‘टकटकटक’, दमल्यासारखं ‘घुर्र… घुर्र…’, किंवा इंजिन न फिरता सेल्फ एकटाच ‘सुंईई’ करत मोकळा फिरतो, या प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. मोकळा फिरत असेल तर सेल्फचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाहीये. सेल्फ काढून साफ करायला हवा. बाकीच्यांसाठी एक परीक्षा आहे, तिला मीटर लागत नाही. हेडलाइट लावा आणि त्याच्याकडे बघत सेल्फ मारा. दिवा विझत गेला तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनलचा जोड खराब आहे. दिवा तसाच लख्ख राहिला आणि सेल्फ हलला नाही, तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही. मग किल्लीचा स्विच, सोलेनॉइड आणि न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बघायचा. बऱ्याच ट्रॅक्टरांत हाय-लोची दांडी न्यूट्रलला नसेल तर सेल्फ घेतच नाही. काहींत क्लचही पूर्ण दाबावा लागतो. ट्रॅक्टर रोज न चालवणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं, म्हणून हे आधी विचारा.

दिवा विझत असेल तर लगेच नवी बॅटरी आणू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असते. ती खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा, टर्मिनल काढून पॉलिश पेपरने आतून-बाहेरून घासा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. मग बॅटरीची दुसरी जाड वायर ट्रॅक्टरच्या अंगाला जिथे बोल्टने जोडलेली असते, तिकडे जा. ही अर्थची वायर कुणी बघत नाही. तिच्याखाली गंज आणि रंगाचा थर असतो आणि नवीकोरी बॅटरीही तिथेच हरते. बोल्ट काढा, लोखंड चकाकेपर्यंत घासा, परत आवळा. त्यानंतर बॅटरीचं मोजमाप करा. गावी येताना सिम लिम टॉवरमधून एक साधा मल्टिमीटर आणलात तर फार उपयोगी पडतो. उभ्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जरवर. सेल्फ मारताना आकडा ९.५ च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी भरलेली दिसली तरी ती आतून संपली आहे. महिनोन्महिने उतरलेल्या अवस्थेत पडलेली बॅटरी सहसा अशीच निघते.

दुसऱ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जंपर लावायचा असेल तर दोन्हीकडे १२ व्होल्ट आहेत याची खात्री करा. दोन्ही ट्रॅक्टर एकमेकांना टेकलेले नसावेत. लाल वायर प्लसला प्लस, काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडतेच आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेटू शकतो, म्हणून ते टोक बॅटरीजवळ नको. जवळ बिडीही नको. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत प्लस अंगाला जोडलेला असतो, मायनस नव्हे. वायर कुठे जातेय ते डोळ्यांनी बघून मगच हात घाला. सिंगापूरहून लिथियमचा जंप स्टार्टर न्यायचा विचार असेल तर तो हातातल्या बॅगेतच न्यावा लागतो. १०० वॉट-अवरच्या वर असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते आणि १६० च्या वर चालतच नाही. लहान पेट्रोल गाडीसाठीचा जंप स्टार्टर तीन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाला पुरत नाही.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि मध्ये मिनिटभर थांबा. सलग मारत राहिलं की सेल्फची वाइंडिंग जळते आणि साध्या कामाचं महाग काम होऊन बसतं.

इंजिन जोरात फिरतंय आणि धूर नाही, तर पहिली जागा स्टॉपची. ही इंजिन बंद करायची ओढायची तार किंवा दांडी. वर्षभर उभ्या ट्रॅक्टरची तार गंजते, नॉब आत ढकलला तरी पंपावरचा खटका परत येत नाही, आणि पंप डिझेल सोडतच नाही. पंपाजवळ वाकून तो खटका हाताने हलवून बघा. थोडं डिझेल सोडून तार मोकळी केली की काम होतं. दुसरी जागा टाकीखालचा कॉक, तो उघडा आहे का? तिसरी, टाकीत निदान पाव टाकी तरी डिझेल आहे का? काचेची वाटी असेल तर तिच्या तळाशी पाणी वेगळं दिसतं. ती काढून पुसा.

यानंतर एअर. डिझेलच्या वाटेत हवेचा बुडबुडा अडकला की पंप तो बुडबुडाच दाबत बसतो, कारण हवा दबते, आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. एअर काढायचं काम शांतपणे केलं तर अर्ध्या तासाचं आहे. डिझेल फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू असतो. तो दीड फेरा सैल करा आणि फीड पंपाचा हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार सलग झाली की हातपंप मारतानाच स्क्रू आवळा. थांबून आवळला की एअर परत आत जाते. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी, मग दुसरा, मग मुख्य पंपावरचा स्क्रू. शेवटी नोझलवर जाणाऱ्या जाड पाइपांचे नट एक फेरा सैल करा, रेस पूर्ण द्या, स्टॉप आत आहे याची खात्री करा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. नटापाशी डिझेल टपकायला लागलं की नट आवळा. इथे हात लावून धार बघायची नाही. नोझलच्या दाबाचा फवारा कातडीतून आत घुसतो, जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवावं लागू शकतं. असं झालं तर दुखत नाही म्हणून घरी थांबू नये, थेट दवाखाना.

जुरोंग वेस्टला राहणाऱ्या एका स्नेह्यांचा पुतण्या बार्शीहून व्हिडिओवर हे सगळं करत होता. त्यांच्या मॅसीला बटणासारखा हातपंप नव्हता, लिफ्ट पंपाखाली वर-खाली करायची छोटी दांडी होती. तो म्हणाला, “काका, दांडी नुसती लुळी पडलीये, पंप गेलाय.” पंप गेलेला नव्हता. इंजिन थांबताना आतला कॅम पंपाला उचललेल्या अवस्थेत थांबला की दांडीला काही कामच उरत नाही. त्याला सेल्फचा एक झटका देऊन इंजिन थोडं पुढे सरकवायला सांगितलं आणि दांडी हाताला लागली. पाच-सहा मिनिटांत धार आली. असा लिफ्ट पंप असलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरवर हे होऊ शकतं, आणि एवढ्यासाठी नवे पंप विकत घेतले जातात.

एअर काढली, ट्रॅक्टर दिवसभर चालला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच, तर कुठून तरी हवा ओढली जातेय. टाकी आणि फीड पंप यांच्या मधली गळती बाहेर डिझेल टपकवतेच असं नाही. तिथे पंप ओढत असतो, त्यामुळे हवा आत जाते. तांब्याचे वॉशर, फिल्टरच्या वाटीचं रबर, आणि उन्हाने तडकलेली प्लॅस्टिकची नळी या तीन गोष्टी बदला. तांब्याचा वॉशर एकदा दबला की पुन्हा वापरू नये. तो काही रुपयांचा असतो आणि त्याच्यापायी हजारो रुपयांचा पंप दुरुस्तीला जातो.

पांढऱ्या धुराचं थोडक्यात सांगतो. निफाडला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ट्रॅक्टर रुसणं साहजिक आहे. हीटर किंवा थर्मोस्टार्ट असेल तर तो वापरा, रेडिएटरमध्ये गरम पाणी घाला, उन्हं आल्यावर प्रयत्न करा. नावात डीआय असलेल्या बहुतेक ट्रॅक्टरांना हीटर नसतो, त्यांना चांगली बॅटरी पुरते. एअर क्लीनरच्या तोंडात जळता बोळा धरणं किंवा ईथरचा स्प्रे मारणं, यातलं काहीही करू नका. हीटर चालू असताना ईथर मारला तर आतल्या आत स्फोट होतो, पिस्टनच्या रिंगा तुटतात. स्प्रेचा डबा विमानातून नेताही येत नाही. ऊबदार दिवशी, चांगल्या बॅटरीवर, ताज्या डिझेलवरही पांढरा धूरच येत राहिला आणि इंजिनाच्या ब्रीदरमधून भपकारे येत असतील, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजलेत. तिथे फोनवरचा सल्ला संपतो आणि मिस्त्रीचं काम सुरू होतं.

एक गोष्ट मात्र मी हात जोडून सांगतो. किल्लीने सेल्फ घेत नाही म्हणून चाकाजवळ उभं राहून सेल्फच्या दोन टोकांना पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लावायची सवय गावोगाव आहे. तसं केलं की न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर त्याच क्षणी सुरू होऊन पुढे जातो, आणि पाना धरणारा माणूस नेमका मागच्या मोठ्या चाकासमोर असतो. त्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. वडील, काका, सालगडी कुणीही असो, फोनवर हे दिसलं की त्यांना तिथल्या तिथे थांबवा. मोठ्यांना कसं सांगायचं असा संकोच करू नका. सेल्फ नेहमी सीटवर बसून, गिअर न्यूट्रलला, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना उटी लावलेली असतानाच मारायचा. उतारावरून धक्का स्टार्ट करताना पुढे मुलं, जनावरं नकोत. साखळीने ओढून सुरू करायचा हट्ट एकट्याने धरू नका. इंजिन पेटताच मागचा ट्रॅक्टर पुढच्यावर येतो.

सुरू झाल्यावर ऑइलच्या दाबाचा काटा आधी बघा, रेस नंतर द्या. लगेच बंदही करू नका. पाच मिनिटं चालवून बंद केलेला ट्रॅक्टर सेल्फने खाल्लेला करंट बॅटरीत पूर्ण परत भरेलच असं नाही. अर्धा तास, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालू द्या.

परतीचं विमान धरण्याआधीची कामं एका सकाळची आहेत. टाकी पूर्ण भरा. अर्ध्या टाकीत पावसाळ्याची दमट हवा पाणी सोडते. बॅटरीची अंगाला जोडलेली वायर काढून ठेवा. सायलेन्सरवर डबा तारेने बांधा. क्लचचं पेडल पूर्ण दाबून त्याला लाकडाचा ठोकळा अडकवा, नाहीतर दमट दिवसांत क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते आणि चालू झालेल्या ट्रॅक्टरला गिअर पडत नाही. दर पंधरा दिवसांनी कुणी ट्रॅक्टर चालवायचा ते नाव घेऊन ठरवा. त्याला ठोकळा काढायचा आणि वायर जोडायची तेवढी आठवण द्या, आणि ट्रॅक्टर चार हात पुढे-मागे हलवायलाही सांगा. फोन कधी करायचा तेही ठरलेलं असू द्या: गावाकडे सकाळी सात वाजतात तेव्हा सिंगापुरात साडेनऊ झालेले असतात, म्हणून शनिवार-रविवार बरे पडतात. बॅटरी कधी घेतली, फिल्टर कधी बदलले, नोझल कधी तपासले, या तारखा एका कागदावर लिहून तो प्लॅस्टिकमध्ये घालून टूलबॉक्समध्ये ठेवा आणि त्याचा फोटो स्वतःकडेही घ्या.